सायकल येते म्हणून युनिसायकल येईल असं नाही

दोनशे किमीच्या ब्रेव्हे (ठरलेल्या वेळेत पुऱ्या करायच्या लांब सायकल राइड) मारल्यात, सिंहगड सायकलवर न थांबता चढवलाय, मग युनिसायकल, म्हणजे ती एका चाकाची, बिनहँडलची सायकल, काय दोन दिवसांत जमेल, अशा गुर्मीत मी सुरू केलं आणि पहिल्याच संध्याकाळी सोसायटीच्या पार्किंगमध्ये पोराटोरांची फुकट करमणूक झाली. चाकाचा एक फेरासुद्धा पुरा झाला नाही.

मुख्य भानगड अशी की हिला फ्रीव्हील, म्हणजे पाय थांबले तरी चाक फिरू देणारी सोय, नसते. चाक फिरलं की पायडल फिरणार, पाय थांबले की चाक थांबणार, पण तुम्ही नाही थांबणार, तुम्ही पुढे जाणार. आपल्याला पाय थांबवून टिकटिक ऐकत जायची इतकी सवय असते ना की जरा घाबरलं की पाय आपोआप थांबतात आणि तिथेच घात होतो. तोल पुढे गेला तर जोरात मारायचं, मागे गेला तर पाय हळू करायचे, बास. फिक्सी (फ्रीव्हील नसलेली साधी सायकल) चालवणाऱ्यांना हे जरा लवकर कळतं.

शिकायला २० इंची चाकच घ्या, मोठं नंतर बघू. जोडताना डावीकडचा क्रँक (पायडल बसतं तो दांडा) डावीकडेच हवा, त्यावर एल-आर लिहिलेलं असतं, उलटं बसवलं तर चालवता चालवता पायडल सैल होतात. टायरमध्ये हवा ठीकठाक भरा. पायडलला अडकणारे क्लीटचे शूज घरी ठेवा, साधे बूट घाला. हेल्मेट, मनगटाचे गार्ड आणि फुटबॉलवाले शिन गार्ड, हे शेवटचं तर घ्याच, कारण पायडल उलटून जे नडगीवर बसतं ते... असो.

सीटची उंची आपल्या सायकलसारखीच, पायडल खाली असताना टाच ठेवून पाय सरळ व्हायला हवा.

आता एखादं लांब रेलिंग शोधा. दोन्ही पायडल आडवे ठेवून वर बसा, अर्धा फेरा मारा, पायडल परत आडवे आले की थांबा, मग पुढचा अर्धा. पायडल वरखाली उभे असतात तेव्हा पायांना जोरच लावता येत नाही, तिथे रेंगाळू नका. हे जमलं की न थांबता पूर्ण फेरे.

वजन सगळं सीटवर. चढावर उभं राहून मारायच्या सवयीने आपण वजन पायांवर टाकतो आणि चाक झटके देतं. पाच मिनिटांत मांड्या भरून आल्या तर समजा चुकतंय. पाठ ताठ, रेसिंग सायकलच्या खाली वळलेल्या हँडलवर (ड्रॉपबार) वाकल्यासारखं अजिबात नाही, नजर चाकाकडे नाही तर समोर लांब.

मग रेलिंग सोडा. पडाल, पण हळू असल्याने बहुतेक वेळा पुढे दोन पावलं पळून पायांवरच उतरता येतं, सायकल मागे पडू दे, तिला वाचवायला जाऊ नका. मला पन्नास फूट सलग जायला साधारण बारा तास लागले, रोज अर्धा तास धरून. एका दिवशी दोन तास घासण्यापेक्षा हे बरं पडलं.

वळायला हँडल नाही, कंबर वळवावी लागते, आधी खांदे आणि नजर तिकडे न्या.

आधाराशिवाय चढणं सगळ्यात शेवटी. मागचं, म्हणजे तुमच्याकडचं पायडल आडव्यापेक्षा किंचित खाली ठेवा, सीट पायांत धरा, एक पाय त्या पायडलवर ठेवा आणि त्यावर जवळपास वजन न टाकता दुसऱ्या पायाने उडी घ्या. वजन टाकलंत की चाक सरळ तुमच्याकडे येतं, आणि माझी डावी नडगी अजून निळी आहे ती त्यामुळेच.