नाथसागरावर डॅनिश घडणीची कयाक: निवड, जुळवणी आणि पहिले दिवस

सेकंडहँड डॅनिश कयाक, म्हणजे वल्ह्याने मारायची चिंचोळी बोट, घेताना रुंदीचा 51 सेंटिमीटर हा आकडा हमखास फसवतो. के-1, म्हणजे एकट्याने मारायच्या शर्यतीच्या बोटीला पूर्वी तीन बंधनं होती: लांबी जास्तीत जास्त 520 सेंटिमीटर, वजन किमान 12 किलो आणि रुंदी किमान 51 सेंटिमीटर. डेन्मार्कमधल्या स्ट्रूअर गावच्या कारागिरांनी आणि यॉर्गन सॅमसनसारख्या रचनाकारांनी या रुंदीच्या अटीवर सुंदर तोड काढली. रुंदी मोजायची ती सगळ्यात रुंद जागी, म्हणून ती जागा त्यांनी पाण्याच्या वर, बसणाऱ्याच्या पाठीमागे नेऊन ठेवली. वरून बघाल तर पतंगासारखा चौकोन, आणि पाण्यात बुडतो तो भाग मात्र चिंचोळा. वल्हं पाण्यात शिरतं तिथे बोट अरुंद असल्याने हात बाहेर फाकवावा लागत नाही. 2000 साली ही अट निघाली आणि नव्या शर्यतीच्या बोटी वरूनही सडपातळ झाल्या.

म्हणून टेप लावायचा तो सीटखाली, पाण्याच्या रेषेवर. कागदावर 51 लिहिलेली जुनी के-1 तिथे 40 च्या आसपास भरते आणि नवशिक्याला दोन मिनिटं तगू देत नाही. शिकायला टूरिंग बोट घ्या. डॅनिश लोक तिला ‘तुरकायाक’ म्हणतात. पुढचा भाग तसाच निमुळता असतो, पण सीटखाली 50 ते 55 सेंटिमीटर रुंदी मिळते. जुन्या महोगनीच्या बोटी देखण्या असतात. लाकडाचे पातळ पापुद्रे साच्यावर चिकटवून त्या घडवलेल्या आहेत. पण आपल्याकडच्या मे महिन्यातल्या उन्हात त्यांचं वॉर्निश तडकतं आणि त्या तडीतून पाणी आत शिरतं. इथे फायबरचीच बोट बरी.

सुकाणू कुठे आहे ते नीट बघा. शर्यतीच्या बोटीचं सुकाणू तळाखाली असतं. नाथसागरात, म्हणजे पैठणच्या धरणाच्या जलाशयात, त्यात भोई बांधवांची जाळी अडकतात, जलपर्णीच्या मुळ्या गुंततात. पाणी उतरलं की बुडालेल्या वेड्या बाभळीची खोडं वर येतात आणि अशा खोडावर सुकाणू आपटलं तर दांडा वाकून बोट जागीच नाकाम होते. मागच्या टोकाला टांगलेलं, धक्का लागला की वर उचललं जाणारं सुकाणू इथे योग्य. पायाजवळची दांडी डावीकडे ढकलली की बोट डावीकडे वळली पाहिजे. उलटं होत असेल तर तारांची अदलाबदल झालेली आहे, ती काठावरच सुधारा.

जुळवणीला घाई नको. पायटेकू, म्हणजे पाय टेकवायची आडवी पट्टी, अशा अंतरावर लावा की गुडघे वर उचललेले राहतील आणि पाय पूर्ण ताठ होणार नाहीत. पाय ताठ राहिले तर कंबर वळत नाही, मग सगळा भार दंडावर येतो आणि खांदे दुखतात. बोट डुचमळत असेल तर आधी सीट खाली घ्या. एक-दोन सेंटिमीटरनेही लक्षणीय फरक पडतो. वल्हं उभं धरून हात वर केला की बोटांची पेरं वरच्या पात्याच्या टोकावर वळली पाहिजेत, तेवढी लांबी पुरे. पकडीचं अंतर ठरवायला दांडा डोक्यावर आडवा ठेवा. कोपरात साधारण काटकोन आला पाहिजे.

पंखासारखं खोलगट पातं असलं तर वल्ह्याचा मार वेगळा असतो. पातं पायाच्या बोटांजवळ पाण्यात घाला, ते पूर्ण बुडेपर्यंत ओढू नका आणि मग कंबर वळवत ओढा. पातं बोटीपासून थोडं बाहेर सरकत गेलं पाहिजे. सरळ मागे ओढलं तर ते थरथरतं किंवा बोटीखाली शिरतं आणि तोल जातो. कुल्ल्याजवळ आलं की बाहेर काढा, त्यापुढचा मार फुकट.

पैठणचा हा जलाशय 1976 साली पूर्ण झालेल्या धरणाचा. लांबी सुमारे 55 किलोमीटर, पण पाणी उथळ. वारा सुटला की आखूड, उभट लाटा उठतात आणि त्या अरुंद बोटीला बाजूने हाणतात. उजाडताच निघा, ऊन तापायच्या आत परता आणि काठापासून 50 मीटरच्या आत राहा. थर्माकोलचे तुकडे किंवा रिकाम्या बाटल्या तरंगताना दिसल्या की खाली जाळं आहे असं समजून वळसा घाला. ते कुणाचं पोट आहे. हे पक्षी अभयारण्य आहे, त्यामुळे वन विभाग आणि जलसंपदा विभाग यांची परवानगी आधी काढा. हिवाळ्यात पाहुण्या पक्ष्यांचे थवे उठतील इतकं जवळ जाऊ नका.

डॅनिश क्लबांची एक पद्धत जशीच्या तशी उचलण्यासारखी आहे. तिथे नवख्याला बुडण्याचा सराव झाल्याशिवाय एकट्याने बोट दिली जात नाही. तो सराव कमरेएवढ्या पाण्यात करा. चिखलाचा, गाळपेऱ्याचा काठ टाळा, पाय रुतले तर बाहेर पडणं अवघड जातं. लाइफ जॅकेट घालून मुद्दाम उलटा, वल्हं सोडू नका, दोन्ही हातांनी कडा धरून पाय बाहेर काढा आणि बोटीला धरून काठाकडे पोहा. बोटीच्या दोन्ही टोकांत हवेच्या पिशव्या भरलेल्या असल्याच पाहिजेत. त्या नसल्या तर पाणी भरलेली बोट उभी राहून बुडते. रिकामी करताना ती सरळ उचलू नका, आतल्या पाण्याच्या वजनाने मधोमध मोडते. पाण्यातच पालथी करा, दोघांनी दोन टोकं धरा, आधी एक टोक हळूच वर घ्या, मग दुसरं.

घरी आल्यावर बोट सावलीत, दोन रुंद पट्ट्यांवर पालथी ठेवा आणि पिशव्यांची हवा थोडी सोडा. उन्हात तापलेली हवा फुगते आणि शिवण उसवते. बोटीच्या कप्प्यांना झाकणं असतील तर तीही उघडी ठेवा.