बागेत अनोळखी किडा दिसला? आधी ओळख, मग औषध

पावसाळा लागला की कुंड्यांत आणि हिरवळीवर रोज नवा पाहुणा दिसतो आणि हात आपसूक फवाऱ्याकडे जातो. तो जरा आवरा. ओळख न पटवता मारलेल्या औषधाने बऱ्याचदा आपल्याच बाजूचा किडा मरतो.

१. आधी झाड पाहा. किडा कोणत्या झाडावर बसलाय हे कळलं की निम्मं काम झालं. लिंबाच्या किंवा कढीपत्त्याच्या पानावर पक्ष्याची विष्ठा पडल्यासारखं काही दिसलं, तर काडीने हलकेच डिवचा. डोक्यामागून मऊ, रंगीत, दुभंगलेलं शिंग बाहेर आलं आणि उग्र वास सुटला, तर ती फुलपाखराची अळी. मोठी झाली की हीच अळी हिरवीगार होते, त्यामुळे दोन वेगळे किडे समजू नका. केसाळ अळी मात्र कधीही हाताने उचलू नका.

२. पाय आणि पंख मोजा. प्रौढ कीटकाला सहा पाय. आठ असतील तर कोळी किंवा त्याचे भाऊबंद. मृगाचा लाल मखमली किडा त्यांतलाच. पाठीवर मधोमध सरळ शिवण दिसली तर भुंगेरा. पंख टोकाशी एकमेकांवर चढलेले आणि खांद्यांमध्ये त्रिकोण असेल तर ढेकणाच्या कुळातला. मधमाशीसारखी दिसणारी, पण हवेत एका जागी तरंगणारी आणि पंखांची एकच जोडी असलेली माशी डंख मारत नाही. या माश्यांपैकी अनेकींच्या अळ्या मावा, म्हणजे झाडाचा रस शोषणारे बारीक किडे, फस्त करतात.

३. सोंगं ओळखा. सगळ्यात जास्त घोटाळा इथेच होतो. जास्वंदीवरच्या पिठ्या ढेकणांत (रस शोषणारे, पीठ लागल्यासारखे पांढरे किडे) एखादा जास्तच मोठा, पांढऱ्या मेणाच्या लांब झालरी लावून भराभर चालताना दिसला, तर तो ढेकूण नव्हे. ती क्रिप्टोलेमस नावाच्या भुंगेऱ्याची अळी, आणि तिचं जेवण म्हणजे तेच ढेकूण. हा भुंगेरा १८९८ साली ऑस्ट्रेलियातून कीड नियंत्रणासाठी मुद्दाम भारतात आणला गेला. उलट, ठिपकेवाले सगळेच भुंगेरे सज्जन नसतात. वांग्याच्या पानांची जाळी झाली असेल आणि वरचा भुंगेरा चकचकीत नसून निस्तेज, बारीक लव असलेला असेल, तर तो पानं खाणारा एपिलॅक्ना.

४. हिरवळीत वरून काही कळत नाही. पिवळा पडलेला भाग हाताने ओढा. गवत चटईसारखं सुटून आलं आणि खाली पांढरट, अर्धवर्तुळात वळलेल्या, तपकिरी डोक्याच्या अळ्या निघाल्या तर ती मुळं खाणारी हुमणी. गवत घट्ट असेल तर भांड्यांच्या साबणाचं पातळ पाणी ओता. वरच्या थरातल्या अळ्या थोड्या वेळात बाहेर येतात. हुमणी मात्र खोल असते, ती याने येत नाही.

५. फोटो काढा: वरून, बाजूने आणि शेजारी रुपयाचं नाणं ठेवून. आयनॅचरलिस्टसारखं ॲप किडा कोणत्या गटातला हे बऱ्यापैकी सांगतं. नेमकी प्रजाती सांगितली, तर ती जाणकाराने दुजोरा देईपर्यंत धरून चालू नका.

६. तरीही अडलं तर अळी त्याच झाडाच्या पानांसह बरणीत ठेवा, तोंडाला जाळीचं कापड बांधा, पानं रोज बदला. कोषातून जे बाहेर येईल ते ओळखणं सोपं असतं. तेवढा धीर नसेल तर कृषी विज्ञान केंद्रात न्या, पण सोबत कुरतडलेलं पानही न्या. तिथे पहिला प्रश्न त्याचाच येतो.