सगळं स्वप्नच असेल तर? केटीचा फॉर्म न भरण्याआधी हे वाचा

मागे एकदा रात्री सव्वा एकला मावसभावाचा फोन. एवढ्या रात्री फोन म्हणजे कोणाचं तरी काहीतरी झालं असंच वाटतं, मी धडपडत उचलला तर हा एकदम शांतपणे विचारतोय, "ताई, हे सगळं सिम्युलेशन, म्हणजे कोणीतरी कॉम्प्युटरवर चालवलेलं जग असेल तर?" मी म्हटलं असेल तर असेल, झोप. तर म्हणे नाही ना, सगळं खोटंच असेल तर केटीचा, म्हणजे नापास झालेल्या विषयाच्या परीक्षेचा, फॉर्म भरण्यात काय पॉइंट आहे, उद्या लास्ट डेट आहे. तेव्हा माझ्या डोक्यात प्रकाश पडला.

तर त्याला त्या रात्री आणि मग रविवारी चहावर जे काय सांगितलं ते इथे लिहून ठेवतेय, कारण हा प्रश्न पुष्कळ जणांना पडतो आणि घरी विचारलं तर दोनच उत्तरं मिळतात, एक "अति विचार करतोस" आणि दुसरं "माया आहे रे बाबा सगळी". दोन्हीने कोणाला झोप लागलेली मी पाहिली नाही.

पहिलं काम म्हणजे हा प्रश्न आत्ताच का पडला ते बघा. प्रश्न खराच असतो, पण टायमिंग बघायचं. मी विचारलं जेवलास का, तर दुपारी एक वडापाव. झोप? तीन रात्री चार-चार तास. मग म्हटलं आधी उठ, डब्यात काय उरलंय ते खा, विश्व तोपर्यंत कुठे जात नाही. यात तत्त्वज्ञानाचा अपमान वगैरे काही नाही, उपाशी पोटी आणि जागरणाने खरंच सगळं पातळ पातळ, लांबचं वाटायला लागतं.

पोटात काहीतरी गेल्यावरसुद्धा प्रश्न उरला तर मग पुढे.

आपण आत्ता साध्या, झोपेतल्या स्वप्नात आहोत का हे बऱ्यापैकी तपासता येतं. माझाच किस्सा सांगते. संध्याकाळची सीएसएमटीवरून सुटलेली स्लो लोकल, लेडीज डबा, मला चौथी सीट मिळालेली म्हणजे अर्धी मी सीटवर आणि अर्धी हवेत, तरी भायखळ्यानंतर डोळा लागलाच. समोर उभ्या असलेल्या बाईने विचारलं, "कुठे?" मी म्हटलं भांडुप, तिने मान हलवून जागा बुक केली. मग भांडुप आलं, मी उतरले, प्लॅटफॉर्मवरच्या इंडिकेटरकडे बघितलं तर कल्याण, परत बघितलं तर तिथे माझ्या शाळेचं नाव, आणि मला त्यात काही म्हणजे काहीच विचित्र वाटलं नाही, मी आपली दप्तर शोधायला लागले. मग खांद्यावर टपली, "अहो, भांडुपला ना तुम्ही?" तीच बाई, आणि बाहेर कांजूरमार्ग मागे पडत होतं. तिने "कुठे" हे मी जागी असताना विचारलं की झोपेत, ते मला आजपर्यंत कळलेलं नाही.

यातली कामाची गोष्ट इंडिकेटर. स्वप्नात लिहिलेलं बऱ्याचदा टिकत नाही, एकदा वाचा, नजर हटवा, परत वाचा, अक्षरं बदललेली असतात. दुसरी ट्रिक, नाक चिमटीत घट्ट धरून, तोंड बंद ठेवून श्वास घेऊन बघा, स्वप्नात बहुतेक वेळा तरीही श्वास येतो. दिवसातून पाच-सहा वेळा हे मनापासून करायची सवय लावली तर कधीतरी ती सवय स्वप्नातही होते आणि माणसाला झोपेतच कळतं की अरे, हे स्वप्न आहे. ही थाप नाहीये, १९७५ साली इंग्लंडमध्ये हल इथे कीथ हर्न नावाच्या संशोधकाने झोपलेल्या माणसाकडून, आधी ठरवल्याप्रमाणे डोळे डावीकडे-उजवीकडे हलवून, स्वप्नाच्या आतून खूण मिळवली होती, मशीनवर रेकॉर्ड करून. एरवी आपल्याला शाळेचं नाव का खटकत नाही, तर ठसठशीत स्वप्नं ज्या आरईएम झोपेत (मिटल्या पापण्यांआड डोळे भराभर हलतात ती) पडतात तेव्हा मेंदूचा कपाळामागचा, शंका काढणारा भाग बराचसा थंड असतो. म्हणजे वॉचमनच झोपलेला.

पण ही टेस्ट एवढंच सांगते की तुम्ही अंथरुणात घोरत नाही आहात. अख्खं जगच कोणाचं तरी स्वप्न किंवा कुठल्या तरी कॉम्प्युटरवरचा प्रोग्रॅम आहे का, ते यातून कळणार नाही, आणि मावसभावाला मी सरळ सांगितलं की ते कळवून देणारी टेस्ट मला कोणाकडे दिसलेली नाही. देकार्त नावाच्या फ्रेंच तत्त्वज्ञाने १६४१ सालीच हा स्वप्नाचा प्रश्न मांडून ठेवलाय. डब्यात बसून गाडीच्या तोंडावरची पाटी वाचता येत नाही, तसंच आहे हे.

सिम्युलेशनवाल्यांसाठी एक, रील बघून ठरवू नका. निक बोस्ट्रॉम नावाच्या तत्त्वज्ञाने २००३ च्या लेखात "आपण सिम्युलेशनमध्ये आहोत" असं म्हटलंच नव्हतं. त्याचं म्हणणं की तीनपैकी एक तरी खरं असणारच: एकतर आपल्यासारखे जीव अख्खं जग कॉम्प्युटरवर चालवायची ताकद यायच्या आधीच बहुतेक संपतात, नाहीतर ताकद येऊनही असली सिम्युलेशनं चालवण्यात जवळपास कोणालाच रस नसतो, नाहीतर आपण जवळपास नक्कीच सिम्युलेशनमध्ये आहोत. रीलमध्ये पहिली दोन कापतात कारण त्यांना व्ह्यूज येत नाहीत. आणि तिसरं खरं धरलं तरी डेव्हिड चामर्स नावाचा तत्त्वज्ञ म्हणतो की मग टेबल खोटं ठरत नाही, टेबल कशाचं बनलंय एवढंच वेगळं निघतं. मला हे पटतं. चहा अणूंचा असो नाहीतर आकड्यांचा, जीभ भाजायची तेवढीच भाजते.

आता खरी किल्ली, आणि ही आपल्याकडे शेकडो वर्षं पडून आहे. शंकराचार्यांच्या वेदान्तात सत्तेच्या तीन पातळ्या मानतात. प्रातिभासिक म्हणजे भासापुरतं खरं, स्वप्न किंवा अंधारात दोरीवर दिसलेला साप. व्यावहारिक म्हणजे आपलं रोजचं, गाडी, भाडं, केटी. आणि पारमार्थिक म्हणजे ब्रह्म, जे कधीच खोटं ठरत नाही. घोळ कधी होतो तर एका पातळीचं बिल दुसऱ्या पातळीवर फाडायला गेलं की. स्वप्नातल्या नोटेने वडापाव मिळत नाही हे सगळ्यांना कळतं, पण "जग मिथ्या आहे" म्हणून फॉर्म भरायचा नाही ही तीच चूक आहे फक्त उलट्या दिशेने, हे कळायला वेळ लागतो. शंकराचार्यांवर एक गोष्ट सांगतात, हत्ती अंगावर आला तर ते पळाले, लोक हसले की हत्ती मिथ्या ना, तर म्हणाले माझं पळणंही मिथ्याच होतं. खरी असेल नसेल, पण हिशोब चोख आहे. फॉर्म मिथ्या तर लेट फी पण मिथ्या, आणि ती भरायला घेतलेले पैसे पण मिथ्या, मग एवढं अडलंय कशाला?

प्रॅक्टिकली करायचं काय, तर प्रश्न आला की आधी विचारा हा कुठल्या पातळीचा. "फॉर्म भरू का" व्यवहारातला, त्याचं उत्तर व्यवहारातच शोधायचं. "हे सगळं शेवटी काय आहे" तो वरचा, त्याला वेगळा वेळ द्या, हवी तेवढी वर्षं द्या. माझी आजी दोन्ही करायची, संध्याकाळी हरिपाठ आणि सकाळी भाजीवाल्याशी दोन रुपयांवरून भांडण.

आणि माया हा शब्द आपण जरा सैल वापरतो. ज्ञानेश्वरांनी अमृतानुभवात अज्ञान नावाची गोष्टच खोडून काढलीय, त्यांच्या लेखी जग म्हणजे चैतन्याचाच विलास, फेकून द्यायचा भास नाही. त्यामुळे "आपल्या संतांनी सांगितलंय सगळं खोटं आहे" असं कोणी म्हटलं तर लगेच मान डोलावू नका.

लांब कशाला, मुंबईतच बघा. खेतवाडीत दहाव्या गल्लीत निसर्गदत्त महाराज होते, १९८१ मध्ये गेले. जागेपणीचं जगही स्वप्नासारखंच, हे त्यांच्याइतकं तोंडावर फार कमी लोकांनी सांगितलं असेल, आणि माणूस बिड्या विकणारा. गुरू गेल्यावर घरदार सोडून निघाले होते, काही महिन्यांनी परत आले, संसार आणि उरलेलं दुकान सांभाळत राहिले. पुढे घरातल्या पोटमाळ्यावर परदेशातून माणसं येऊन बसायची, महाराज मराठीत बोलणार आणि कोणीतरी इंग्रजी करून सांगणार. मावसभाऊ म्हणाला, "मग त्यांनी दुकान कशाला चालवलं?" मी म्हटलं हाच प्रश्न धरून ठेव, सिम्युलेशनपेक्षा जास्त पुढे नेईल तुला.

एका ठिकाणी मात्र फरक पडतो, तिथे मी कडक आहे. समोरचा माणूस. "सगळं स्वप्न आहे" हे स्वतःच्या रिझल्टबद्दल म्हणा, चालेल, पण दुसऱ्याच्या दुखण्याबद्दल म्हणायचं नाही. दोरीचा साप खोटा असला तरी घाबरलेल्याचा घाम खराच असतो.

शेवटचं, आणि हे गमतीत घेऊ नका. विचार म्हणून "जग खोटं असेल का" वाटणं वेगळं आणि दिवसेंदिवस खरंच काचेपलीकडून बघितल्यासारखं, स्वतःचे हात परके वाटल्यासारखं होणं वेगळं. याला डीरिअलायझेशन, डीपर्सनलायझेशन म्हणतात, टेन्शन, पॅनिक, जागरण, गांजा यांनी होऊ शकतं. तेव्हा वरच्या नाक-बिक दाबायच्या टेस्ट करत बसू नका, त्याने उलट वाढू शकतं. तोंडावर गार पाणी मारा, फरशीवर पाय टेका, खोलीतल्या पाच वस्तूंची नावं मोठ्याने घ्या. आणि तरी राहिलं तर डॉक्टरांकडे जा, किंवा १४४१६ ला फोन करा, ती सरकारची टेली-मानस हेल्पलाइन आहे, मराठीत बोलता येतं.

मावसभावाचं तसं काही नव्हतं, मी खोदून खोदून विचारलं. त्याला अकाउंट्स येत नव्हतं. फॉर्म भरला त्याने, पण एक दिवस उशिरा, लेट फी मी जीपे केली, आणि ती परत मागितली की आता तो मला पातळ्या समजावून सांगतो.