ऑनलाइन किंवा दोन वर्षांच्या कोर्सला प्रवेश घेताय? या चुका टाळा

जुलै उजाडला की आमच्या अभ्यासकेंद्राचा फोन सकाळपासून खणखणायला लागतो. पहिला प्रश्न ठरलेला: "मॅडम, सगळ्यात लवकर कुठला कोर्स होतो?" दुसरा: "परीक्षेला यावं लागतं का?" तिसरा फीचा. कोर्समध्ये शिकायचं काय असतं, हे विचारणारा कुणी आलाच तर आम्ही त्याला बसवून चहा पाजतो.

दरवर्षी माणसं नवी असतात आणि चुका त्याच असतात. काही चुका किरकोळ आहेत, त्या शेवटी एकेका ओळीत उरकते. दोन मात्र अशा आहेत की त्यांच्यापायी लोकांची वर्षं वाया गेलेली मी बघते.

"यूजीसीच्या यादीत नाव आहे ना, मग झालं!"

नाही झालं. यूजीसीच्या, म्हणजे विद्यापीठ अनुदान आयोगाच्या, यादीत नाव आहे याचा अर्थ ते विद्यापीठ कायदेशीर आहे आणि त्याला पदवी देण्याचा अधिकार आहे, एवढाच. घरबसल्या शिकवण्याची परवानगी वेगळी असते. ती यूजीसीच्या दूरशिक्षण विभागाकडून, म्हणजे डीईबीकडून घ्यावी लागते. तीही सरसकट मिळत नाही. कोर्स कोणता, दूरस्थ (पुस्तकं घरी, मदतीला अभ्यासकेंद्र) की ऑनलाइन, आणि कोणत्या सत्रासाठी, असं बघून मिळते. एकाच विद्यापीठाच्या ऑनलाइन एम.कॉम.ला परवानगी असते आणि ऑनलाइन एम.ए.ला नसते. दूरस्थला असते, ऑनलाइनला नसते. गेल्या वर्षी होती, यंदा नसते.

मागे एक जण आला होता. सरळसेवा भरतीत निवड झालेली आणि कागदपत्र पडताळणीत अडकलेला. प्लॅस्टिकच्या फोल्डरमधून त्याने एकेक कागद जपून काढून टेबलावर मांडला. चकचकीत जाड कागदावरच्या गुणपत्रिका, कोपऱ्यात होलोग्राम, पदवी प्रमाणपत्राला लॅमिनेशन. "मॅडम, सगळं ओरिजिनल आहे," तो म्हणाला. ते खोटं नव्हतं. विद्यापीठ खरं होतं, परराज्यातलं खासगी, यादीत नाव असलेलं. त्याने प्रवेश मात्र घेतला होता बसस्टँडसमोरच्या एका ऑफिसात, बी.ए.ला, दूरस्थ पद्धतीने.

मी फीची पावती मागितली. पावती कुठल्याशा शैक्षणिक संस्थेच्या नावाची निघाली आणि तिच्यावर "सेवा शुल्क" असं लिहिलेलं. विद्यापीठाचं नाव नाही, पीआरएन म्हणजे विद्यार्थ्याचा कायम नोंदणी क्रमांक नाही. परीक्षा कुठे दिली, विचारलं. "तिथेच, वरच्या मजल्यावर. पुस्तकं समोरच होती." मग डीईबीच्या संकेतस्थळावर त्याचं प्रवेशाचं सत्र काढलं. त्या विद्यापीठाला दूरस्थ कोर्सची परवानगी होती, पण थोड्याच कोर्सेसना. त्यात बी.ए. नव्हतं. असतं तरी उपयोग नव्हता, कारण राज्याच्या कायद्याने स्थापन झालेल्या विद्यापीठाला, सरकारी असो की खासगी, दूरस्थ पद्धतीने आपल्या राज्याबाहेर शिकवता येत नाही. ऑनलाइन कोर्सला ही हद्दीची अट नाही, दूरस्थला आहे. एजंट हा फरक कधीच सांगत नाही. शिवाय फ्रँचायझी देऊन असे कोर्स चालवायला यूजीसीची साफ मनाई आहे, म्हणजे ते बसस्टँडसमोरचं ऑफिसच मुळात नियमात बसत नव्हतं.

"पण यूजीसीच्या यादीत नाव आहे ना?" तो पुन्हा पुन्हा तेच विचारत होता. त्याच्यासाठी करण्यासारखं काही उरलं नव्हतं. नव्याने प्रथम वर्षाला प्रवेश, एवढाच मार्ग. त्याचा खुला प्रवर्ग, आणि वयाची ३८ ची मर्यादा फार लांब राहिलेली नव्हती.

अशी प्रकरणं सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेली आहेत. काही अभिमत विद्यापीठांनी एआयसीटीईची, म्हणजे तंत्रशिक्षण परिषदेची, मान्यता न घेता दूरस्थ पद्धतीने इंजिनीअरिंगच्या पदव्या वाटल्या होत्या. नोव्हेंबर २०१७ मध्ये न्यायालयाने २००१ ते २००५ या काळात प्रवेश घेतलेल्यांच्या पदव्या स्थगित केल्या आणि एआयसीटीईची परीक्षा पास झाल्यावरच त्या परत मिळतील असं सांगितलं. त्यानंतरच्या सत्रांत प्रवेश घेतलेल्यांच्या पदव्या रद्दच झाल्या. त्या पदवीच्या जोरावर मिळालेले फायदेही गेले. प्रवेश घेऊन पंधरा वर्षं उलटलेल्या, नोकरीत स्थिरावलेल्या माणसांची ही गोष्ट आहे. "आजवर कुणी विचारलं नाही" म्हणणाऱ्यांनी ती लक्षात ठेवावी.

माझी सवय सांगते. फी भरण्याआधी डीईबीच्या संकेतस्थळावर विद्यापीठ, सत्र आणि पद्धत (दूरस्थ की ऑनलाइन) टाकून कोर्सची यादी काढायची. आपल्या कोर्सचं नाव जसंच्या तसं त्यात आहे का ते बघायचं आणि त्या पानाची प्रिंट तारखेसकट फाइलला लावायची. कुणाला प्रवेश द्यायला मनाई केली असेल तर ती सूचनाही तिथेच मिळते. विद्यापीठाच्या माहितीपत्रकावरचा "मान्यताप्राप्त" हा शिक्का मी पुरावा धरत नाही आणि एजंटने व्हॉट्सॲपवर पाठवलेली पीडीएफ तर उघडतही नाही. फी थेट विद्यापीठाच्या खात्यात भरायची. खाजगी नावाचा क्यूआर कोड पुढे केला तर उठून यायचं.

सप्टेंबर २०२४ च्या सत्रापासून दूरस्थ आणि ऑनलाइन प्रवेशासाठी डीईबी-आयडी लागतो आणि तो काढायला आधी एबीसी आयडी, म्हणजे विद्यार्थ्याच्या क्रेडिट खात्याचा क्रमांक, लागतो. हे काम स्वतः बसून करा. "आम्ही काढून देतो" म्हणणारे अर्जात स्वतःचा मोबाइल आणि ईमेल टाकून मोकळे होतात. मग निकालापासून ओटीपीपर्यंत सगळं त्यांच्या फोनवर जातं आणि पोरं वर्षभर त्यांच्या मागे फिरतात.

काही विषय घरबसल्या शिकताच येत नाहीत, हेही इथेच सांगून टाकते. इंजिनीअरिंग, वैद्यकीय, नर्सिंग, फार्मसी, कायदा, आर्किटेक्चर या पदव्यांना ऑनलाइन किंवा दूरस्थचा मार्ग बंद आहे. ऑनलाइन पीएच.डी.सुद्धा चालत नाही, जाहिरात कितीही मोठी असो. जुलै-ऑगस्ट २०२५ च्या सत्रापासून मानसशास्त्र, सूक्ष्मजीवशास्त्र, जैवतंत्रज्ञान, अन्न व पोषणशास्त्र हेही त्या यादीत गेले. दोन वर्षांपूर्वी मैत्रिणीने घरबसल्या मानसशास्त्रात एम.ए. केलं म्हणून आपणही करू, असं म्हणत येणाऱ्या मुलींना हे सांगताना वाईट वाटतं, पण नियम बदललाय.

लवकर उरकायची घाई

या घाईचा मला मनापासून राग येतो. कष्ट नकोत, कागद हवा, तोही दिवाळीच्या आत. आणि असा माणूस दिसला की त्याला हवं तेच विकणारा कुणीतरी कोपऱ्यावर उभाच असतो.

"दोन वर्षांत पदवी" ही जाहिरात घ्या. राष्ट्रीय शैक्षणिक धोरणानंतर पदवीच्या कोर्समधून मध्येच बाहेर पडता येतं, हे खरं. पण एक वर्ष करून बाहेर पडलात तर प्रमाणपत्र मिळतं आणि दोन वर्षांनी पदविका. पदवी तीन वर्षं पूर्ण केल्यावरच. पदविका घेऊन एमपीएससीच्या राज्यसेवेचा किंवा बँकेच्या पीओचा अर्ज भरता येत नाही, तिथे पदवीच लागते. यूजीसीच्या आराखड्यात बाहेर पडल्यावर तीन वर्षांच्या आत परत येण्याची आणि एकूण सात वर्षांत कोर्स पूर्ण करण्याची सोय आहे. अडचणीत सापडलेल्या माणसासाठी ती सोय चांगली आहे, पण तिला "दोन वर्षांची डिग्री" म्हणून विकणं ही बनवाबनवी झाली. वेगाने शिकणाऱ्यांसाठी यूजीसीने २०२४ मध्ये जो मार्ग काढला, त्यातही तीन वर्षांची पदवी फार तर एका सत्राने आधी होते, म्हणजे अडीच वर्षांत.

आणि दोन वर्षांचा कोर्स दीड वर्षात केला तर काय होतं? शिक्षकांना विचारा. एनआयओएसने (राष्ट्रीय मुक्त विद्यालयाने) सेवेतल्या अप्रशिक्षित शिक्षकांसाठी १८ महिन्यांचं डी.एल.एड., म्हणजे प्राथमिक शिक्षकांची पदविका, काढलं होतं. नोव्हेंबर २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ते दोन वर्षांच्या नियमित डी.एल.एड.च्या बरोबरीचं धरायला नकार दिला. पुढे डिसेंबर २०२४ मध्ये १० ऑगस्ट २०१७ रोजी सेवेत असलेल्यांना दिलासा मिळाला, पण मधला काळ कित्येकांनी कोर्टाच्या तारखा मोजण्यात घालवला. हा तर सरकारी संस्थेचा कोर्स होता. अकरा महिन्यांत "एक्झिक्युटिव्ह एमबीए" देणाऱ्या संस्थेचं काय सांगावं! एमबीए ही पदवी आहे आणि पदवी विद्यापीठच देतं, किंवा कायद्याने तो अधिकार मिळालेली संस्था. बाकीची संस्था स्वतःच्या नावाने देते ती फार तर पदविका.

पायरी गाळणारेही असतात. बारावीनंतर थेट एम.ए. देतो म्हणणारे पूर्वी गावोगाव होते. पदवी नसताना मुक्त पद्धतीने घेतलेलं एम.ए. सर्वोच्च न्यायालयाने २००९ मध्येच नोकरीसाठी ग्राह्य धरलं नाही.

घाईची दुसरी तऱ्हा म्हणजे प्रवेश घेतला की शेवटच्या आठवड्यापर्यंत पुस्तक न उघडणं. इग्नूत (इंदिरा गांधी राष्ट्रीय मुक्त विद्यापीठात) बहुतेक कोर्सेसना असाइनमेंटचं वजन ३० टक्के असतं आणि ती मुदतीत दिली नाही तर पेपर चांगला जाऊनही विषय "अपूर्ण" दाखवतो. ऑनलाइन कोर्समध्ये तर उपक्रमांतला सहभाग ७५ टक्के नसेल तर सत्र परीक्षेलाच बसता येत नाही. झेरॉक्सच्या दुकानात तयार असाइनमेंट मिळते. आमच्याकडे एकाच हस्ताक्षरातल्या चार वह्या चार नावांनी आल्या, चौघांनी शेवटच्या पानावर दुकानाचं बिल तसंच ठेवलेलं. मी माझ्या विद्यार्थ्यांना पहिल्याच महिन्यात एक असाइनमेंट स्वतःच्या हाताने लिहून आणायला लावते. जो आणतो, तो बहुतेक पदवीपर्यंत पोचतो. बाकीच्यांशी मी वाद घालत नाही.

ऑनलाइन म्हणजे सोपं, हा समजही याच घाईतून येतो. आयआयटी मद्रासचा २०२० मध्ये सुरू झालेला डेटा सायन्सचा कोर्स बघा. व्याख्यानं घरी ऐकायची, पण आधी चार आठवडे शिकून पात्रता परीक्षा पास व्हायची, तेव्हा प्रवेश. पुढच्या परीक्षा केंद्रावर जाऊन द्यायच्या. जिथे परीक्षेचा धाक नाही, तिथल्या गुणपत्रिकेला बाजारात कुणी विचारत नाही.

नोकरीची जाहिरात न वाचता कोर्स निवडणं

हे उलट्या क्रमाने करा. जी नोकरी हवी तिची जुनी जाहिरात काढा, पात्रतेचा रकाना वाचा, त्यातला शब्दन् शब्द आपल्या कोर्सच्या नावाशी ताडून बघा. "संबंधित विषयातील" म्हणजे नेमका कोणता विषय, हे तिथेच कळतं. "ऑनलाइन पदवी चालते का" या प्रश्नाचं उत्तर मात्र सरळ आहे. डीईबीची परवानगी असलेल्या कोर्सची दूरस्थ किंवा ऑनलाइन पदवी नियमित पदवीच्या बरोबरीची आहे, हे यूजीसीने २०२२ मध्ये पुन्हा स्पष्ट केलं. तरीही एखाद्या जाहिरातीत "नियमित" असा शब्द दिसला तर त्या कार्यालयाला लेखी विचारा. तोंडी उत्तराचा पुढे काही उपयोग होत नाही.

बाकीच्या चुका, थोडक्यात

दहावीच्या गुणपत्रिकेवर आडनाव आधी आणि आधारवर शेवटी. लग्नानंतर नाव बदललेल्या बायकांची तर आणखी फरफट. प्रवेशाआधी कागद एकसारखे करून घ्या.

मूळ गुणपत्रिका ठेवून घेणाऱ्या संस्थेत प्रवेश घेऊ नका. २०१८ च्या सूचनेत यूजीसीने असं ठेवून घ्यायला मनाई केली आहे.

कॉलेज सुरू असताना दुसरी पदवी चालते का? २०२२ पासून चालते. एक नियमित, एक दूरस्थ किंवा ऑनलाइन. झेपेल का, ते मात्र स्वतःला विचारा.

पहिल्या सत्राची फी बघून खूश होऊ नका. परीक्षा शुल्क, प्रकल्प शुल्क, पुनर्नोंदणी आणि पदवी प्रमाणपत्राचं शुल्क धरून बेरीज करा.

"बिनव्याजी हप्ते" म्हणजे बऱ्याचदा वित्तसंस्थेचं तुमच्या नावावरचं कर्ज. कोर्स सोडलात तरी हप्ता सुटत नाही, आणि थकला की सिबिल, म्हणजे कर्जफेडीचा स्कोअर, बिघडतो. सही करण्याआधी कागदावर वर कुणाचं नाव छापलंय ते बघा.

माध्यम बघा. यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठात बरेच अभ्यासक्रम मराठीतून आहेत. इंग्रजीच भारी म्हणून इंग्रजी माध्यम घ्यायचं आणि पुस्तकाच्या दहाव्या पानावर अडायचं, हे दरवर्षी होतं.

आणि परीक्षेचे महिने आधी विचारून घ्या. इग्नूच्या सत्रांत परीक्षा जून आणि डिसेंबरमध्ये येतात. ज्यांना डिसेंबरात रजा मिळणं कठीण, त्यांनी फॉर्म भरण्याआधीच साहेबांच्या कानावर घालावं. हॉल तिकीट हातात घेऊन केबिनबाहेर उभं राहण्यात अर्थ नाही, तोवर रजांची यादी लागलेली असते.