टॉर्चचा लिथियम सेल जास्त वर्षं कसा टिकवावा

नाशिक जिल्ह्यात निफाड, दिंडोरी, सिन्नरकडे थ्री फेज लाइट रात्री आली की मोटर चालू करायला मळ्यात जावंच लागतं. बांधाला ऊस असला तर बिबट्याची धास्ती वेगळी. त्यात टॉर्च मध्येच मंदावली तर माणूस अडकतो. तरीही सेलची निगा कशी राखायची याबद्दल गावोगाव जे सल्ले दिले जातात, त्यातले निम्मे चुकीचे असतात आणि काही तर धोक्याचे. म्हणून हे लिहितोय.

चांगल्या टॉर्चमध्ये आणि हेडलॅम्पमध्ये सहसा १८६५० हा लिथियम-आयन सेल असतो. १८ मिलिमीटर जाड, ६५ मिलिमीटर लांब. पूर्ण भरला की ४.२ व्होल्ट, आणि ३ व्होल्टच्या आसपास आला की तो रिकामा झाला असं धरायचं. एवढे दोन आकडे लक्षात ठेवा आणि एक साधा मल्टिमीटर, म्हणजे व्होल्टेज मोजायचं यंत्र, घ्या. मल्टिमीटरशिवाय पुढचं सगळं अंदाजपंचे होईल.

‘सेल पूर्ण उतरू द्या, मगच चार्जिंगला लावा’ हा सल्ला जुन्या निकेल-कॅडमियम सेलच्या काळातला आहे. लिथियमला त्यानं नुकसानच होतं. उजेड थोडा कमी वाटला की चार्ज करा, अर्धा भरलेला असला तरी चालेल.

चार्जिंग सोपं आहे. २६०० मिलीअँप-अवर क्षमतेच्या सेलला एक अँपचा चार्जर पुरतो. फरशीवर ठेवा. गादी, पोती, द्राक्षाच्या पेट्यांचे पुठ्ठे यांच्यापासून लांब ठेवा. भरला की काढून घ्या. हिवाळ्यात निफाडकडे पारा पाच अंशांच्या खाली जातो. द्राक्षं गारठू नयेत म्हणून पहाटे बागेत शेकोट्या पेटवून परत आलात तर गारठलेला सेल तासभर घरात राहू द्या, मग लावा. शून्याच्या खालच्या तापमानात चार्ज केलं तर आत धातूरूप लिथियम साचतं आणि सेल कायमचा बिघडतो. उन्हाळ्यात ट्रॅक्टरच्या टूलबॉक्समध्ये किंवा गाडीच्या डॅशबोर्डवर टॉर्च सोडू नका.

महिन्यातून एकदा टॉर्चच्या आतली स्प्रिंग आणि सेलची दोन्ही टोकं कोरड्या सुती कापडानं पुसा. सेलवरचं प्लास्टिकचं वेष्टन फाटलं असेल तर तो सेल वापरू नका. सेलचं अख्खं धातूचं अंग मायनस असतं आणि प्लसच्या टोकापासून ते अगदी जवळ असतं, वेष्टन फाटलं की दोन्ही चिकटून शॉर्ट होऊ शकतो.

आता खरा अवघड भाग, पावसाळ्याचा. मला हा समजायला सगळ्यात जास्त वेळ लागला आणि बहुतेक सेल इथेच मरतात. जूनमध्ये पाऊस लागला की रात्रीचं पाणी भरणं थांबतं. टॉर्च फडताळात जाते आणि द्राक्षाच्या ऑक्टोबर छाटणीनंतर बाहेर निघते. बटण दाबलं तर काहीच होत नाही. कारण असं, की बऱ्याच टॉर्चचं इलेक्ट्रॉनिक बटण बंद असतानाही थोडा करंट खात राहतं. चार महिन्यांत तेवढ्यानंच सेल पार उतरतो.

त्यामुळे ठेवतानाच नीट ठेवा. सेल ३.७ ते ३.८ व्होल्टवर आणा, म्हणजे साधारण अर्धा. पूर्ण भरून ठेवू नका, भरलेला सेल नुसता पडून राहिला तरी लवकर म्हातारा होतो. टॉर्चमधून काढा, प्लास्टिकच्या डबीत एकटा ठेवा, नाणी, खिळे, किल्ल्यांबरोबर नको. फ्रिजमध्येही ठेवू नका, बाहेर काढल्यावर त्यावर पाणी धरतं. सेल निघतच नसेल तर मागचं झाकण अर्धा फेरा सैल करा, पुष्कळ टॉर्चमध्ये तेवढ्यानं सर्किट तुटतं. दोन महिन्यांनी एकदा व्होल्टेज बघा.

एवढं करूनही एखादा सेल उतरलेला निघाला, तर आधी मोजा. ३ व्होल्टच्या वर असेल तर निर्धास्त चार्ज करा. अडीच ते तीनच्या मध्ये असेल तर चांगला चार्जर स्वतःहून अगदी कमी करंटनं सुरुवात करतो, तसा चार्जर नसेल तर तो सेल चार्ज करू नका. अडीचच्या खाली बराच काळ पडलेला सेल टाकून द्या. त्या अवस्थेत आतल्या तांब्याच्या पत्र्यातलं तांबं विरघळतं आणि पुन्हा चार्ज करताना नको तिथे जमतं. त्यातून आतल्या आत शॉर्ट होऊ शकतो, तोही आज होईल की आठवड्यानं, सांगता येत नाही.

मल्टिमीटर शून्य दाखवतो तेव्हा मात्र लोक गोंधळतात. काही सेलच्या बुडाशी संरक्षक सर्किट असतं. सेल फार उतरला की ते वाट बंद करतं, आणि आत चार्ज असूनही बाहेर शून्य दिसतं. असा सेल काही सेकंद चार्जरला लावा, काढा, लगेच मोजा. आकडा ३ च्या आसपास आला तर सर्किटनं वाट बंद केली होती, पुढे चार्ज करा. शून्याजवळच राहिला तर सेल मेलेला आहे.

मोटारसायकलच्या बॅटरीच्या वायरी लावून ‘झटका’ देणारे लोक आहेत. कुणीही सांगितलं तरी हे करू नका. १२ व्होल्ट थेट लिथियम सेलला दिले तर तो फुटून पेट घेऊ शकतो, आणि त्या वेळी तुमचा हात तिथंच असतो.

वाचवलेल्या सेलची परीक्षा घेतल्याशिवाय तो टॉर्चमध्ये घालू नका. पहिलं चार्जिंग समोर बसून करा. हातात धरवत नाही इतका गरम झाला तर चार्जर बंद करा, सेल पूर्ण गार होऊ द्या आणि टाकून द्या. ४.२ पर्यंत भरला तर एक दिवस तसाच ठेवा आणि पुन्हा मोजा. ४.१ च्या वर राहिला तर तो वापरायला माझी हरकत नाही. चारच्या खाली आला तर आत गळती आहे, त्याच्यावर रात्रीचा भरवसा ठेवू नका.

टाकायचा म्हणजे घंटागाडीत नाही. कचरा दाबला जाताना असा सेल पेट घेतो. दोन्ही टोकांना चिकटपट्टी लावून तो ई-कचरा घेणाऱ्याकडे द्या. बॅटरी कचऱ्याच्या २०२२ च्या नियमांनी वापरलेल्या बॅटऱ्या परत गोळा करण्याची जबाबदारी उत्पादकांवर टाकली आहे, तेव्हा दुकानदाराला विचारायला संकोच करू नका.

नवा सेल नाशिकच्या एम. जी. रोडवर घ्या की ऑनलाइन, ‘९८०० मिलीअँप-अवर’ लिहिलेला १८६५० घेऊ नका. या आकारात साडेतीन हजारांच्या आसपासच क्षमता मावते. वजनही बघा: अस्सल सेल साधारण ४५ ग्रॅम भरतो, बनावट बहुधा त्याहून बराच हलका. घरी आणल्यावर त्यावर पेनानं महिना आणि वर्ष लिहा.