दाढ हलतेय म्हणून लगेच फोर्सेप उचलू नका

बीडीएसच्या इंटर्नशिपला लागलेल्या पोरापोरींसाठी लिहितेय, खास करून जे पुढे कोकणातच बसणार आहेत त्यांच्यासाठी.

मी तेव्हा राजापूर तालुक्यात एका सरांच्या क्लिनिकला नवीनच लागले होते. १६-१७ वर्षांची मुलगी आजीबरोबर आली, खालची दाढ हलतेय, ब्रश करताना हिरडीतून रक्त येतं, आणि आजीचं एकच, काढून टाक गो बाय ती दाढ, शेवटची एसटी चुकेल. मी भुलीचं इंजेक्शन भरायलापण घेतलं. सरांनी मात्र आधी दाढ बोटाने दाबली, ती खाली गेली आणि बोट उचललं तशी आपोआप वर आली! एक्सरेत हाडात मधाच्या पोळ्यासारखी जाळी दिसली. मग जाड सुई हाडात घातली तर लालभडक रक्त, पिस्टन न ओढताच सिरिंजमध्ये चढायला लागलं. दाढ काढायची नाही, बायोप्सीपण नाही, सर एवढंच बोलले.

हा असतो जबड्याच्या हाडातला हिमँजिओमा, म्हणजे रक्तवाहिन्यांची गाठ, किंवा धमनी-शिरांचा गुंता. दुर्मिळ आहे, पण खालच्या जबड्यात आणि मुलींमध्ये जास्त सापडतो. अशी दाढ उपटली तर रक्तस्रावाने पेशंट खुर्चीतच जाऊ शकतो. चुकून उपटलीच गेली तर दाढ तशीच परत खड्ड्यात बसवा, वर गॉज ठेवून घट्ट चावायला लावा आणि गाडी काढा.

तिला मुंबईला पाठवलं, सुट्टी टाकून मीपण गेले. रेडिओलॉजिस्टने जांघेतून बारीक नळी वर नेऊन गाठीला रक्त पुरवणाऱ्या वाहिन्या आतून बंद केल्या, आणि दुसऱ्याच दिवशी सर्जननी जबड्याचा तेवढा भाग काढून प्लेट बसवली. हे दोघं तारीख एकत्र ठरवतात, कारण ऑपरेशन साधारण २४ ते ७२ तासांत झालं नाही तर रक्त नव्या वाटा शोधतं. पूर्वी गळ्यातली मोठी धमनी बांधायचे, पण दुसऱ्या बाजूने रक्त येतच राहायचं आणि नळी न्यायचा रस्ताच बंद व्हायचा. भूलतज्ज्ञ आदल्या संध्याकाळपर्यंत रक्ताच्या बाटल्यांचं विचारत होते. ते रक्त दिलं गावच्या चाकरमान्यांनी, लालबाग-परळहून सकाळी ड्युटीवर जायच्या आधी येऊन रांगेत उभे होते, मला अजून आठवलं की भरून येतं.

पाठवताना चिठ्ठीत फक्त 'दाढ हलते' लिहू नका, सुईत काय आलं ते लिहा, फोन करा, एक्सरे बरोबर द्या.

तिचे दात बसवायचे बाकी आहेत, गणपती झाले की येते म्हणालीय.