परग्रहींच्या राज्यातली फितुरी: विज्ञानकथा बांधायची कशी

पृथ्वी जिंकलेले परग्रही, त्यांच्याविरुद्ध लढणारी मूठभर माणसं आणि त्यांच्यातलाच एक फितूर, असा विषय घेतला की बहुतेक जण यानापासून सुरुवात करतात. यानाचा रंग, आकार, तोफा यांतच दोन पानं जातात आणि शेवटच्या पानावर नायकाचा जिवलग मित्र अचानक फितूर निघतो. वाचकाला धक्का बसतो, पण पटत काहीच नाही. कामाचा क्रम उलटा ठेवा. परग्रहींचं माणसांवाचून काय अडतं ते आधी ठरवा. मग बंडखोरांची संघटना कागदावर मांडा, तिच्यात भोक कुठे पडतं ते शोधा आणि यानाकडे सगळ्यात शेवटी वळा. इथला हिशोब पाच-सहा हजार शब्दांच्या, दिवाळी अंकाला झेपेल अशा कथेचा आहे.

आले कशाला?

पाण्यासाठी आले असं लिहू नका. एक लिटर पाणी पृथ्वीच्या ओढीतून पार बाहेर काढायला किमान १७ युनिट वीज लागेल एवढी ऊर्जा खर्च होते. गुरूच्या युरोपा या चंद्रावर बर्फाखाली आपल्या सगळ्या समुद्रांपेक्षा जास्त पाणी असावं, असा अंदाज आहे. ते सोडून कोणी इथे टँकर लावणार नाही. सोन्या-लोखंडाचंही तेच, ते लघुग्रहांवर मिळतं. फक्त इथेच मिळेल असं काही हवं असेल तर सजीव सृष्टी, माती, जिवाणू आणि माणसाचे हात. नमुना म्हणून धरू की कोकणात राजापूर तालुक्यातल्या सड्यावरच्या, म्हणजे कातळपठारावरच्या मातीतले जिवाणू त्यांना हवे आहेत, आणि पावसाळ्यात जांभ्याच्या चिखलात त्यांची यंत्रं रुततात. म्हणजे मजूर आले, मजुरांवर मुकादम आला, दुभाषा आला, रेशनचा हिशोब ठेवणारा कारकून आला.

आता आकडे बसवा. त्यांचं घर सगळ्यात जवळच्या ताऱ्यापाशी धरलं तरी अंतर ४.२ प्रकाशवर्षं. प्रश्न पाठवून उत्तर यायला साडेआठ वर्षं. त्यामुळे इथला सुभेदार मनाचा राजा आणि त्याला कुमकही मिळणार नाही. तालुक्याला चाळीस सैनिक पुरे. हे कमी वाटत असेल तर आठवा, तीसेक कोटींचा हिंदुस्थान चालवायला इंग्रजांच्या आयसीएस या सनदी सेवेचे अधिकारी जेमतेम हजारभर होते. बाकी सगळं यंत्र देशी माणसांचं. कथेतही तलाठी, पोलीसपाटील, रेशन दुकानदार जागेवरच राहतात, फक्त शिक्का बदलतो. फितुरीची जमीन इथे तयार होते. चार हजार सैनिक दाखवलेत तर खबऱ्यांची गरजच उरत नाही आणि कथा तिथेच मरते.

कोणाला काय ठाऊक

वहीचं एक पान आडवं घ्या. सात बंडखोरांची नावं डाव्या बाजूला उभी लिहा, तीच वर आडवी. प्रत्येक चौकटीत आकडा टाका: माहीतच नसेल तर ०, टोपणनाव माहीत असेल तर १, चेहरा ओळखत असेल तर २, घर ठाऊक असेल तर ३. शेजारी आणखी दोन रकाने काढा, एक शस्त्रं लपवल्याच्या जागेसाठी, दुसरा पुढच्या बेतासाठी.

आता फितूर निवडा आणि त्याची आडवी ओळ वाचा. नुकसान तेवढंच होणार, त्यापलीकडे एका माणसाचंही नाही. ओळभर ३ असतील तर एका रात्रीत सगळे धरले जातात आणि तुमच्याकडे कथा नाही, बातमी उरते. सगळी शून्यं असतील तर फितुरीला किंमत नाही. तीन माणसं आणि एक जागा एवढं त्याला ठाऊक असावं. त्या तिघांपैकी एकाचं घर त्याला माहीत असायला नको होतं आणि तरी झालं, ही चौकट सगळ्यात मोलाची. कसं झालं? बारशाला जेवायला बोलावलं म्हणून, पावसात गाडी बंद पडली म्हणून, डबा परत करायला आला म्हणून. शिस्त मोडते ती माणुसकीपायी, आणि वाचकाला नंतर टोचतं ते हेच. तो प्रसंग कथेच्या पहिल्या तृतीयांशात, हसतखेळत लिहा.

सातपैकी पाचांनाच नावं द्या. उरलेले दोघे ‘काकी’ आणि ‘मास्तर’ एवढ्यावर राहू देत.

फितुरीची किंमत

‘पैशासाठी केलं’ हे सगळ्यात आळशी उत्तर. पुण्याचा प्लेग अधिकारी रँड याच्या खुनाचा माग लावणाऱ्याला सरकारने २० हजारांचं इनाम लावलं होतं हे खरं, पण इतिहासात बक्षिसाइतकंच जुनं भांडणही काम करतं. एप्रिल १८५९ मध्ये तात्या टोप्यांना झोपेत पकडून देणारा नरवरचा मानसिंग स्वतः बंडखोरच होता. त्याचा मूळ झगडा ग्वाल्हेरच्या शिंद्यांशी. त्याआधी १५१९ मध्ये स्पेनचा कोर्तेस सुमारे पाचशे सैनिक घेऊन मेक्सिकोत उतरला तेव्हा तिथल्याच त्लाश्काला राज्याच्या लोकांनी आधी त्याच्याशी लढाई केली आणि नंतर हातमिळवणी केली, कारण त्यांचा पिढीजात वैरी अॅझ्टेक होता. त्यांच्या हिशोबात ती फितुरी नव्हतीच. मराठी वाचकाला तर वतनाचा मोह वेगळा समजवावा लागत नाही.

कथेतली किंमत तीन अटींत बसवा. परग्रही ती देऊ शकतात, माणसं देऊ शकत नाहीत. ती संपते आणि पुन्हा लागते. आणि ती घरात लपवणं अवघड असतं. इन्सुलिन या तिन्ही अटींत चपखल बसतं. बंडखोरांचा निरोप्या एसटीचा जुना ड्रायव्हर आहे, मुलगी नऊ वर्षांची, रोज २५ युनिट लागतात. आपल्याकडच्या १० मिलिलिटरच्या कुपीत, मिलिलिटरला ४० प्रमाणे, ४०० युनिट असतात, म्हणजे १६ दिवस. दर सोळाव्या दिवशी त्याला कुठेतरी जावंच लागतं, आणि कथेला आपोआप घड्याळ मिळतं. शिवाय इन्सुलिन बनवतात जिवाणू किंवा यीस्ट वापरूनच, त्यामुळे ते परग्रहींच्या धंद्याशीही जुळतं. ते त्यांच्याकडे कुठून आलं हे वेगळं समजवायला नको.

पहिली मागणी क्षुल्लक ठेवा. ‘शाळेच्या खोलीत दिवा किती वाजेपर्यंत असतो, एवढंच सांगा भाऊ.’ विचारणारा परग्रही नको, गावचाच दुभाषा असू दे, ओळखीचा, आवाज न चढवणारा. दुसऱ्या कुपीच्या वेळी नाव, तिसऱ्या वेळी घर. तिन्ही वेळा ड्रायव्हर स्वतःची समजूत कशी घालतो ते एकेका वाक्यात येऊ द्या. पहिल्याच मागणीत मुख्य नेता मागितला तर तो माणूस राहत नाही, खलनायक होतो.

खुणा

तीन खुणा पेरा, साधारण पहिल्या, दुसऱ्या आणि तिसऱ्या पंचमांशाच्या शेवटी. प्रत्येकीला निरुपद्रवी स्पष्टीकरण हवंच. घाम येणं, नजर चुकवणं, हात थरथरणं या खुणा बाद.

पहिली: वीज दिवसातून दोन तास असलेल्या घरात देवघराशेजारी एक लहान माठ, सतत ओल्या फडक्यात. इन्सुलिन गार ठेवावं लागतं, पण काकींना वाटतं, पोरीला गार पाणी हवं असतं. दुसरी: पूर्वी दर बैठकीत शंभर प्रश्न विचारणारा ड्रायव्हर आता गप्प बसतो. मास्तर म्हणतात, ‘शहाणा झाला.’ खरं तर आपल्याला जितकं कमी कळेल तितकं कमी सांगावं लागेल, अशी त्याची धडपड आहे. तिसरी खूण निर्णायक. कुपीवर मुदत छापलेली असते, ती सहसा उत्पादनापासून दोनेक वर्षांची. कथा आक्रमणानंतर चौथ्या वर्षी घडत असेल तर जुन्या साठ्यातली प्रत्येक कुपी केव्हाच मुदतीबाहेर गेलेली असणार. काकींच्या हाती लागलेल्या कुपीवरची मुदत अजून आठ महिने पुढची आहे. संवाद नको. त्यांना ती परत माठात ठेवू द्या आणि पुढच्या प्रसंगाकडे वळा.

संशय पक्का करण्यासाठी जुनी युक्ती चालते: तीन संशयितांना शस्त्रांची जागा म्हणून तीन वेगळी ठिकाणं सांगायची आणि धाड कुठे पडते ते पाहायचं. ती फसतेही आणि फसलेलीच जास्त रंगते. दोन संशयित एकमेकांशी बोलतात आणि दोन्ही ठिकाणं जुळत नाहीत हे त्यांच्या लक्षात येतं. किंवा सुभेदार हुशार असतो आणि मुद्दाम धाडच घालत नाही. तिन्ही ठिकाणी शांतता, म्हणजे तिघेही निर्दोष असं धरून बंडखोर पुढचा बेत आखतात.

निरोपांसाठी मराठीने दिलेली सोय वापरा: दर सातव्या शब्दात ऱ्हस्व-दीर्घाची ठरवून केलेली चूक. निरोप शुद्ध आला तर समजावं, पाठवणारा पकडला गेला आहे. याला खरा आधार आहे. दुसऱ्या महायुद्धात, मार्च १९४२ मध्ये, नेदरलँड्समधल्या हेगमध्ये जर्मनांनी लंडनने पाठवलेल्या एका डच वायरलेस ऑपरेटरला धरलं आणि त्याच्याकडूनच लंडनला संदेश पाठवायला लावले. सुरक्षेसाठी ठरलेली चूक त्याने मुद्दाम केली नाही. लंडनने तिकडे लक्षच दिलं नाही. पुढे वर्षभराहून अधिक काळ विमानातून उतरवलेली माणसं थेट जर्मनांच्या हाती पडत राहिली. पन्नासहून अधिक पकडली गेली, बहुतेक मारली गेली. तुमच्या कथेतही शुद्ध निरोप येऊ द्या आणि मास्तरांना ‘वा, अखेर शुद्धलेखन सुधारलं’ म्हणून खूश होऊ द्या.

परग्रहींच्या बोलण्याबद्दल एक सुचवण. त्यांचं भाषांतर-यंत्र आपल्या सरकारी परिपत्रकांवर शिकलं असणार. ‘आपणांस कळविण्यात येते की आपले घर जाळण्यात येत आहे’ हे त्यांच्या तोंडी जितकं भीतीदायक वाटतं तितकं कुठलंही गुरगुरणं वाटत नाही.

उघड झाल्यावर

इथे बहुतेक कथा घसरतात. फितूर पानभर भाषण करतो, नायक त्याला गोळी घालतो, मुख्य यान उडतं, सगळे परग्रही एका क्षणात मरतात. हे सगळं टाळा. सूड घेतला तर त्याचा खर्च दाखवा. ८ फेब्रुवारी १८९९ च्या रात्री वासुदेव चापेकर आणि महादेव रानडे यांनी रँडच्या खुनात दामोदर चापेकरांची खबर देणाऱ्या द्रविड बंधूंना पोलिसांचं बोलावणं असल्याचं सांगून घराबाहेर काढलं आणि गोळ्या घातल्या. मे महिन्यात ते दोघे आणि बाळकृष्ण चापेकर फासावर गेले. सूड पुरा झाला आणि माणसंही संपली. कथेत गोळी झाडणाऱ्याचं नाव तुमच्या वहीतल्या कोणाकोणाला ठाऊक आहे, ते तक्त्यात पुन्हा पाहा.

दुसरा रस्ता जास्त अवघड आणि जास्त चांगला: काकी कोणालाच सांगत नाहीत आणि ड्रायव्हरकडूनच खोटी खबर पोचवायला लागतात. त्यासाठी त्याला कुपी मिळत राहणं भाग आहे, म्हणजे अधूनमधून खरी खबरही द्यावी लागणार. कोणाची द्यायची हे काकींनी ठरवायचं. या भागाला किमान बाराशे शब्द राखून ठेवा.

फितुराला एखाद्या जातीचं किंवा धर्माचं लेबल लावू नका. वाचक पुढचं सगळं त्याच चष्म्यातून वाचतो आणि तुमचा तक्ता वाया जातो.

पहिला खर्डा झाला की फितुराचे सगळे प्रसंग झाकून उरलेलं वाचा. कथा तशीच चालत असेल तर ती फितुरी वरून चिकटवलेली आहे; पुन्हा तक्त्यापासून सुरुवात करा. मग यानाचं वर्णन शोधा आणि ते चार ओळींवर आणा.